पिक्सेलचे पाय आणि देवनागरीचं डोकं

जुन्या व्हिडिओ गेममधली ठिपक्यांची अक्षरं फेस्टच्या पोस्टरवर, टी-शर्टवर मस्त दिसतात. त्यातही सेरिफवाली, म्हणजे अक्षराच्या टोकांना छोटे आडवे पाय असलेली, जास्तच भाव खातात. हे पाय नुसती सजावट आहेत का? जरा इंजिनिअरच्या नजरेने बघू.

लॅबमधला १६ बाय २ एलसीडी घ्या. एका अक्षराला ५ ठिपके रुंदी आणि ८ ठिपके उंची. त्यावरच्या कॅपिटल 'आय'ला डोक्यावर आणि पायाशी तीन-तीन ठिपके असतात. सगळ्या अक्षरांना जागा सारखीच, त्यामुळे नुसती उभी रेघ एकटी पडली असती. म्हणजे इथे सेरिफ कामाची आहे. उलट स्मॉल 'एम'मध्ये तीन उभ्या रेघा आणि दोन फटी झाल्या की पाचही ठिपके संपले! पाय ठेवायला जागाच नाही. मॅथ्यू कार्टर यांनी १९९६ मध्ये आलेला 'जॉर्जिया' हा सेरिफ फॉन्ट करताना आधी स्क्रीनवरचे ठिपके बसवले आणि मग बाह्यरेषा काढल्या, ते याच हिशेबासाठी.

आता मराठीकडे या. आपला खर्च पायावर नाही, डोक्यावर आहे. वर मात्रा-वेलांटी, मग शिरोरेषा, मग अक्षर, खाली उकार. मी ग्राफ पेपरवर १६ ओळी अशा वाटल्या: वर ३, शिरोरेषेला १, अक्षराला ९, खाली ३. १६ बाय १६ म्हणजे २५६ ठिपके, फक्त ३२ बाइट. एवढ्यात काम भागतं.

पण खरी मेख एका ठिपक्यात आहे. 'भ' आणि 'ध'ची शिरोरेषा तुटलेली असते, 'म' आणि 'घ'ची अखंड. ती फट बुजली आणि डावीकडची गाठ नीट उतरली नाही, तर भद्रकालीची मद्रकाली होते, भगूरचं मगूर आणि धुळ्याचं घुळे! 'ब'च्या पोटातली तिरकी रेघ आणि वणीचा 'व' यांचंही तेच. गावात नवीन आलेल्या माणसाने बसचा बोर्ड वाचायचा कसा? एलसीडीवर तर दोन अक्षरांमध्ये मुळातच फट असते, त्यामुळे शिरोरेषा सगळीकडेच तुटते आणि मुद्दाम ठेवलेली फट ओळखूच येत नाही.

म्हणून माझा क्रम असा: आधी फट, मग गाठ, मग मात्रा. ठिपके उरले तरच नक्षी.

वापरताना दोन गोष्टी पाळा. १६ ठिपक्यांचं अक्षर ३२ किंवा ४८ असं पूर्ण पटीतच मोठं करा, नाहीतर कडा धूसर होतात. आणि हा फॉन्ट शीर्षकापुरताच ठेवा. मेसच्या नोटिशीचा अख्खा परिच्छेद यात छापलात, तर कोणी वाचणार नाही. बिल भरायची तारीख तर नाहीच नाही!