तंबाखू : उशिरा दिसणारी हानी

पाटण तालुका हा कोयनेच्या खोऱ्यातील डोंगराळ मुलूख आहे. येथील अनेक वाड्यांना जाण्यासाठी चढ चढावा लागतो. या चढावर धाप लागू लागली, की ती वयोमानामुळेच, असे समजून रुग्ण गप्प राहतो. ‘सिगारेट ओढता का?’ असे डॉक्टरांनी विचारल्यास ‘नाही, फक्त बिडी’ असे उत्तर मिळते. या उत्तरामागे दोन गैरसमज आहेत. बिडी सौम्य असते, हा पहिला. इतकी वर्षे ओढूनही काही झाले नाही, म्हणजे यापुढेही होणार नाही, हा दुसरा.

बिडीत तंबाखू सिगारेटपेक्षा कमी असते हे खरे. परंतु तेंदूच्या पानातील ही बिडी विझू नये म्हणून वारंवार व जोराने झुरके घ्यावे लागतात. त्यामुळे निकोटीन, डांबर व कार्बन मोनॉक्साइड ही विषारी द्रव्ये शरीरात भरपूर जातात. बिडी व तंबाखू यांचा घशाच्या आणि तोंडाच्या कर्करोगाशी असलेला संबंध मुंबईतील डॉ. संघवी, डॉ. राव व डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९५५ सालीच मांडला होता. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार बिडी ओढणाऱ्या पुरुषांचे आयुष्य सरासरी सुमारे ६ वर्षांनी, बिडी ओढणाऱ्या स्त्रियांचे ८ वर्षांनी, तर सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचे १० वर्षांनी घटते. सहा वर्षांचे आयुष्य हिरावून घेणाऱ्या वस्तूस सौम्य म्हणता येणार नाही.

मग हानी लवकर का दिसत नाही? श्वासनलिकेच्या अस्तरावर केसांसारखे सूक्ष्म तंतू असतात. ते कफ व धूळ सतत बाहेर लोटत असतात. धुरामुळे हे तंतू निकामी होतात, कफ साचतो आणि सकाळचा खोकला सुरू होतो. पुढे फुफ्फुसातील वायुकोशांच्या भिंती फाटतात. त्या पुन्हा तयार होत नाहीत. फुफ्फुसांची राखीव क्षमता मोठी असल्याने बरीच हानी होईपर्यंत रुग्णास काहीच जाणवत नाही. कर्करोग तर बहुधा २० ते ३० वर्षांनी प्रकट होतो. रक्तवाहिन्या आकसल्याने हृदयविकार व पक्षाघात संभवतो. काही तरुण धूम्रपानकर्त्यांच्या पायाची बोटे रक्तपुरवठा तुटून काळी पडतात. क्षयरोगाचा व त्यातून मृत्यूचा धोकाही वाढतो. घरातील बालके व स्त्रिया हाच धूर श्वासावाटे घेतात; त्यात चुलीच्या धुराची भर पडते.

धूर नाही म्हणजे धोका नाही, असेही नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात महाराष्ट्रातील ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे, तर २४.४ टक्के धूरविरहित तंबाखू सेवन करणारे आढळले. तव्यावर भाजून दाताला लावलेली मशेरी अनेक माता-भगिनी व्यसनात मोजत नाहीत. तीही तंबाखूच होय. गरोदरपणी ती वापरल्यास बाळ कमी वजनाचे जन्मण्याची शक्यता वाढते.

निराश होण्याचे मात्र कारण नाही. १९५१ पासून ब्रिटिश डॉक्टरांवर ५० वर्षे चाललेल्या अभ्यासाचा निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाला. सिगारेट ३० व्या वर्षी सोडणाऱ्यांना सुमारे १०, ४० व्या वर्षी ९, ५० व्या वर्षी ६ आणि ६० व्या वर्षी ३ वर्षांचे आयुष्य परत मिळते, असे त्यात दिसून आले. धूम्रपान सोडल्यानंतर वर्षभरात हृदयविकाराचा वाढीव धोका सुमारे निम्म्यावर येतो. गेलेली फुफ्फुसक्षमता परत येत नाही, परंतु तिची झीज मंदावते. म्हणूनच ‘आता या वयात सोडून काय उपयोग?’ हा प्रश्न गैरलागू ठरतो.

रुग्णांच्या नातेवाइकांनी पुढील लक्षणांकडे दुर्लक्ष करू नये : तीन आठवड्यांहून अधिक काळ टिकणारा खोकला, थुंकीतून रक्त, नेहमीच्या चढावर नव्याने लागणारी धाप, आवाजातील घोगरेपणा, तोंडातील पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम, तोंड पूर्ण न उघडणे. डॉक्टरांना बिडी, तंबाखू व मशेरीची माहिती न लपविता द्यावी. व्यसन सोडू इच्छिणाऱ्यांसाठी २०१६ साली सुरू झालेली १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय मोफत दूरध्वनी सेवा आहे. व्यक्तीस दूषणे देण्यापेक्षा घरच्यांनी धीर व साथ देणे अधिक उपयोगी पडते.

विश्वस्त व देणगीदार यांच्यासाठीही यात एक विचार आहे. अखेरच्या अवस्थेतील रुग्णास प्राणवायू व खाट देणे हे आपले कर्तव्यच आहे. परंतु तेथे आयुष्याची वर्षे परत देता येत नाहीत. वाडी-वस्तीवर तोंडाची तपासणी, श्वसनक्षमता चाचणी आणि समुपदेशन यांवर होणारा अल्प खर्च ती देऊ शकतो. दानाचे खरे मोल या लवकर झालेल्या भेटीत आहे.