वहीत शून्यही लिहायचं असतं

पोरी, नोव्हेंबर लागला की केळशी, आंजर्ल्यापासून खाली गावखडीपर्यंतचे किनारे तुझ्याकडे येतील. प्रत्येक किनाऱ्यावर एक-दोन कासवमित्र कासवांची घरटी शोधत पहाटे चालतात. तू सगळीकडे पोचणार नाहीस, पोचण्याची गरजही नाही. त्यांच्या चालण्यात खंड पडू द्यायचा नाही आणि जे दिसलं ते जसंच्या तसं वहीत उतरवून घ्यायचं, हे तुझं काम.

सगळ्यात आधी शून्याचं सांगते. घरटं सापडलं नाही की कासवमित्राला वाटतं, लिहायचं काय? तो दिवस कोरा सोडतो. महिन्याअखेरीस तुझ्यासमोर पान येतं, त्यात थोडी घरटी आणि बाकी कोऱ्या ओळी. त्या दिवशी कासव आलं नाही की माणूस गेला नाही? हे नंतर कुणालाही सांगता येत नाही. म्हणून रोजची ओळ हवीच: तारीख, तिथी, निघाल्याची वेळ, परतल्याची वेळ, कुठून कुठपर्यंत चाललो, माग किती, घरटी किती. काही नसेल तर शून्य. गेलोच नाही तर सरळ ‘गेलो नाही’ असं लिहू दे, आणि त्याबद्दल कुणाला बोल लावू नकोस. एकदा रागावलीस की पुढच्या वेळी घरी बसून शून्य लिहिलं जाईल, आणि ते तुला कधीच कळणार नाही.

याचं मोल का, ते बघ. 2002 साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने वेळासला कासवं वाचवण्याचं काम सुरू केलं. मग एकेक गाव जोडलं गेलं, वनखात्याचा कांदळवन कक्ष आला, रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत माणसं चालू लागली. घरट्यांची बेरीज वाढणारच. पण त्यात कासवं किती वाढली आणि डोळे किती वाढले? हे वेगळं काढायचं तर तोच किनारा, तेवढंच अंतर, तेवढेच दिवस यांची तुलना लागते. नुसती बेरीज वर्तमानपत्राला पुरते, कासवाला पुरत नाही.

तिथी कशासाठी लिहायची? भरतीसाठी. कोकणातला जुना हिशेब आहे: तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, येतील तितक्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. अंदाजच आहे, तक्ता जवळ ठेव. पण किनाऱ्यावरचा माणूस तक्त्यापेक्षा तिथी पटकन सांगतो. भरतीने माग पुसायच्या आत फेरी व्हायला हवी. भांगाच्या दिवसांत वरचा माग टिकतो. उधाणाला पाणी सुरूच्या बनापर्यंत चढतं आणि काहीच उरत नाही. उधाणाच्या दिवसांत उशिरा निघालेल्याचं शून्य आणि वेळेवर निघालेल्याचं शून्य सारखं नव्हे, म्हणून निघाल्याची वेळ हवी.

आता माग. आपल्याकडे येणाऱ्या ऑलिव्ह रिडले कासवाच्या वल्ह्यांसारख्या पायांचे दोन्ही बाजूंचे ठसे आलटून-पालटून पडतात. समोरासमोर जोडीने पडलेले आणि रुंद, खोल दिसले तर फोटोशेजारी पट्टी ठेवायला सांग. ते हिरवं कासव असू शकतं. चढता आणि उतरता असे दोन्ही माग बघायचे. काही वेळा कासव वर येतं आणि अंडी न घालताच परत जातं. तेही लिहायचं, वेगळ्या रकान्यात. नोंद झाली की मागावर आडवी रेघ ओढायची, म्हणजे मागून येणारा दुसरा तोच माग पुन्हा मोजत नाही. साधी रेघ आहे, पण तिच्यावाचून एका कासवाची दोन होतात.

घरटं गळ्याशी अरुंद, खाली मडक्यासारखं फुगीर, साधारण दीड फूट खोल. जागा सुरक्षित असेल तर ते तिथेच राहू दे, वर जाळी लाव. कोल्हा, कुत्रा किंवा उधाणाचं पाणी यांचं भय असेल तरच हॅचरीत हलव, आणि हलवायचं तर लगेच. काही तासांत गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो. मग अंडं फिरलं की जीव जातो. बादलीच्या तळाशी घरट्यातलीच ओली वाळू, अंडं ज्या बाजूने वर होतं तीच बाजू वर, हाताला मच्छरांचं मलम नको. नवा खड्डा मूळ खोलीचा आणि मूळ आकाराचा. हॅचरीची जागा दरवर्षी बदल. जुन्या वाळूत बुरशी आणि जंतू राहतात.

अंडी घरट्यातून काढताना आणि नव्या खड्ड्यात ठेवताना अशी दोनदा मोजायची. पिल्लं निघून गेली की घरटं उकरून कवचं, न उबलेली अंडी, मेलेली पिल्लं वेगवेगळी मोजायची. बेरीज जुळली नाही तर न जुळलेलीच लिहायची. तुझ्या टेबलावर बसून आकडा सरळ करायचा मोह होईल, तो टाळ. डिसेंबरातलं घरटं उबायला साठ दिवसांच्या आसपास घेतं, मार्चमधलं पंचेचाळीसच्या आसपास. वाळू तापली की माद्या जास्त निपजतात. तापमानाचा लॉगर अंड्यांच्या खोलीला पुरलेला हवा, वर ठेवून उपयोग नाही.

फोटोचं एक. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की त्यातलं ठिकाण उडून जातं. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला शिकव, आणि कागदी वही बंद करू नकोस. खाऱ्या हवेत फोन कधीही मान टाकतो.

वल्ह्याला धातूची पट्टी दिसली तर क्रमांक दोघांनी वाचायचा, फोटो दोन्ही बाजूंनी. जानेवारी 2025 मध्ये गुहागरला अंडी घालायला आलेल्या मादीच्या पट्टीवर 03233 हा क्रमांक होता. ती 2021 साली ओडिशात टॅग केलेली निघाली. पूर्वेची आणि पश्चिमेची कासवं वेगवेगळी, असं धरून चालणाऱ्यांना त्या पाच आकड्यांनी पुन्हा विचार करायला लावलं. एक आकडा अंधारात चुकला असता तर ते कासव निनावीच परत गेलं असतं.

माणसांकडे या सगळ्याहून जास्त लक्ष दे. मानधन वेळेवर मिळालं पाहिजे. वरून थकलं तर थकलंय असं स्वतः जाऊन सांग, फोनवर नको. शिमग्याचं आधीच ठरव: पालखी नाचवून रात्रभर जागलेला माणूस पहाटे चार वाजता किनाऱ्यावर येणार नाही, यावाही नये. गावात पालखी ज्या दिवसांत, त्या दिवसांसाठी शेजारच्या गावातला माणूस महिनाभर आधी बोलून ठेव. शिमगा मार्चात येतो आणि घरटी उबण्याचेही तेच दिवस असतात.

मच्छीमारांना दुरून उपदेश करू नकोस. जाळं कापून कासव सोडलं तर राज्याच्या योजनेत 25 हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते, पण फोटो लागतो. हे रापणीवरच्या प्रत्येकाला तोंडी सांग आणि अर्ज भरायला सोबत बस. मेलेलं कासव वाहून आलं तर तेही वहीत हवं, आणि ती खबर तुला हेच लोक देतील.

हंगाम संपला की प्रत्येक गावात, सहाणेवर नाहीतर देवळात, वही मोठ्याने वाच. शून्यंही वाच, ‘गेलो नाही’ही वाच. कुणी म्हणेल, त्या दिवशी मी गेलो होतो, लिहायचं राहिलं. त्याची टीप वेगळ्या शाईने कर, मूळ ओळ खोडू नकोस. मुंबईला पाठवायचा अहवाल जूनमध्ये गेला तरी चालेल, ही बैठक मात्र मे संपायच्या आत घे. पाऊस लागला की माणसं शेतात असतात.