अनुपानातील चमचा आणि तराजू

मधुघृताच्या अनुपानाची सूचना देताना ‘मध १ चमचा, तूप दीड चमचा’ असे आम्ही अनेक वर्षे लिहीत आलो. एवढ्याने विषम प्रमाण साधले, अशी आमची समजूत होती. एका रुग्णाच्या शिक्षिका असलेल्या कन्येने एकदा विचारले, “वैद्यराज, हे प्रमाण चमच्याने विषम की वजनाने?” उत्तर देण्यापूर्वी आम्ही तराजू पुढे ओढला आणि आमची चूक आम्हांस कळून आली.

५ मिलिच्या चमच्यात मध सुमारे ७ ग्रॅम मावतो, पातळ केलेले तूप मात्र साडेचार ग्रॅमच. म्हणजे दीड चमचा तूप ६.८ ग्रॅम झाले. चमच्याने विषम दिसणारे मिश्रण वजनाने जवळजवळ सम ठरले! चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील २६ व्या अध्यायात सममात्र मधुघृत विरुद्ध आहारात गणले आहे, हे वाचकांस सांगणे नलगे.

तौल आणि माप यांतील भेद आपल्या आचार्यांस ठाऊक होता. शार्ङ्गधरांनी पूर्वखंडाच्या प्रथमाध्यायात तौलाची मान-परिभाषा दिली आहे. तेथेच चार अंगुळे रुंद व तितकेच उंच असे कुडवाचे भांडेही सांगितले आहे. द्रव व आर्द्र द्रव्ये प्रस्थापासून पुढे द्विगुण घ्यावीत, तुलेस मात्र हा नियम लागू नाही, हाही त्यांचाच दंडक. आज आपण कर्ष १२ ग्रॅम, पल ४८ ग्रॅम, कुडव १९२ ग्रॅम व प्रस्थ ७६८ ग्रॅम धरतो.

रूपांतराचे सूत्र सोपे आहे. मिलिलिटरास घनतेने गुणावे म्हणजे ग्रॅम मिळतात. ग्रॅमास घनतेने भागावे म्हणजे मिलिलिटर. व्यवहारापुरती घनता अशी धरावी :

पाणी – १.००
दूध – १.०३
मध – १.४०
तिळतेल – ०.९२
तूप (पातळ) – ०.९१

औषधनिर्मात्यांनी डब्यावरील अंक किलोचा की लिटरचा, हे प्रथम पाहावे. १५ लिटर तिळतेल वजनाने १३.८ किलोच भरते. ते १५ किलो समजून कल्क घातल्यास स्नेह १.२ किलोने उणा पडतो व चतुर्गुण स्नेहाचा नियम मोडतो. उलट १५ किलो तेलाच्या १०० मिलिच्या सुमारे १६३ बाटल्या होतात. तेवढ्याच वजनाच्या मधाच्या मात्र १०७.

चूर्णांस ठराविक गुणक लावता येत नाही. चाळणीची सूक्ष्मता, ओलावा आणि भांडे ठोकून भरणे यांनुसार वजन पालटते. म्हणून प्रत्येक नव्या घाणाचे दहा सपाट चमचे भरून एकत्र तोलावेत व दहाने भागावे. येणारा अंक बरणीवरील चिठ्ठीवर लिहून ठेवावा. घरोघरचे चमचे लहानमोठे असतात. शक्य तर रुग्णास मापी चमचाच द्यावा.

मधुघृताविषयी आमचा आजचा परिपाठ असा : मध अधिक हवा असल्यास तुपाच्या दुप्पट चमचे, तूप अधिक हवे असल्यास मधाच्या तिप्पट. मग माप घ्या वा तौल, प्रमाण विषमच राहते. जुन्या सूचनापत्रांवरील ‘दीड चमचा’ आम्ही खोडला आहे. वाचकांनीही आपापली पत्रे एकदा तपासून पाहावीत.