दोन हजार शंभरातले तीनशे पासष्ट

नोकरी लागल्यावर ऑफिसातल्या एका सीनियरने सल्ला दिला, "पुढेमागे घर घ्यायचं असेल तर आत्तापासून सिबिल तयार कर. एक क्रेडिट कार्ड घे." इथवर ठीक होतं. पुढचं वाक्य मात्र मला महागात पडलं. "बिल पूर्ण भरू नकोस रे. थोडी बाकी ठेवली की स्कोअर वाढतो."

कार्डाची मर्यादा ५० हजार. लॅपटॉप घेतला आणि बिल आलं ४२ हजारांचं. त्यावर 'मिनिमम ड्यू' होता २,१०० रुपये. तेवढेच भरले आणि निर्धास्त झालो. पुढच्या बिलात साडेतीन टक्के मासिक दराने १,४७० रुपये व्याज लागलं, त्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे २,१०० भरून मूळ कर्जातून फिटले जेमतेम ३६५! शिवाय बाकी राहिली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी सवलतही जाते. किराण्यावरही पहिल्या दिवसापासून व्याज चढू लागलं.

मिनिमम भरल्याने हप्ता 'थकीत' दिसत नाही, हे खरं. पण मर्यादेच्या ८४ टक्के रक्कम कायम वापरात दिसत होती, त्याने स्कोअर घसरला. त्यात एका महिन्यात गावच्या जत्रेच्या गडबडीत मिनिमम भरायलाही दोन आठवडे उशीर झाला. गृहकर्जाला गेलो तेव्हा बँकेतल्या बाईंनी नेमक्या त्याच महिन्यावर बोट ठेवलं. कर्ज मिळालं, पण चढ्या दराने.

शेवटी आरडी मोडून कार्ड कोरं केलं. काही महिन्यांत स्कोअर सावरला, पण तो उशीर रिपोर्टात ३६ महिने दिसत राहिला.

आता धाकट्या भावाला सांगितलं तेच तुम्हालाही सांगतो. ऑटो-डेबिट लावताना 'मिनिमम' नव्हे, 'टोटल ड्यू' निवडा. खर्च मर्यादेच्या साधारण ३० टक्क्यांच्या आत ठेवा. जुनं कर्ज नसल्याने कार्ड मिळत नसेल तर मुदत ठेवीवर मिळतं, ते घ्या. एकाच वेळी चार ठिकाणी अर्ज करू नका, प्रत्येक चौकशीची नोंद होते. कार्डाने एटीएममधून रोख काढू नका, तिथे बिनव्याजी दिवस नसतातच. आणि वर्षातून एकदा आपला रिपोर्ट बघा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही संस्थांना तो वर्षाला एकदा फुकट द्यावा लागतो. स्वतः पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही. चुकीची नोंद दिसली तर लगेच तक्रार करा.

स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो, ७५० च्या पुढे गेला की बँका सहसा खूश. तिथे पोहोचायला एक रुपयाही व्याज भरावं लागत नाही. मी भरलं, तुम्ही भरू नका.