जुन्या जीपगाडीचें एंजिन व गिअरबॉक्स : आधीं मोजणी, मग सुधारणा

दसऱ्याच्या सायंकाळीं कोल्हापुरांत दसरा चौकामध्यें छत्रपति घराण्याची जुनी मेबॅक मोटार येते, व ती पाहण्यास खेड्यापाड्यांतून लोक जातात. ती पाहून घरीं परतणाऱ्या कित्येक बागायतदारांच्या गोठ्याशेजारींही एक जुनी गाडी उभी असते. ती म्हणजे वाडवडिलांनीं घेतलेली जीप. दोन्ही गाड्या जुन्या खऱ्या, परंतु दोहोंचा धर्म एक नव्हे. मेबॅक ही मानाची वस्तु असून तिचें मोल तिच्या मूळ स्वरूपांत आहे. जीप ही राबणारी. मळ्यावर खताचीं पोतीं नेणें व पावसाळ्यांत चिखलांतून वाट काढणें हें तिचें काम. जुन्या गाडीस हात घालण्यापूर्वीं ती या दोहोंपैकीं कोणत्या वर्गांत ठेवावयाची, हें ज्यानें ठरविलें नाहीं त्याचा पैसा बहुधा पाण्यांत जातो.

हें आम्ही परक्याच्या अनुभवावरून लिहीत नाहीं. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां जागेचा पंचनामा पाहिल्यावांचून आम्हीं एकही प्रकरण पुढें पाठविलें नाहीं. परंतु सेवानिवृत्त झाल्यावर घरची जीप दुरुस्तीस घेतली, तेव्हां मात्र हा नियम विसरलों. एंजिन धूर ओकत होतें व चढावर दम सोडीत होतें. एका कारागिरानें सुचविलें कीं, पेट्रोलचें एंजिन काढून डीझेलचें बसवावें, म्हणजे इंधनाचा खर्च निम्म्यावर येईल. आम्हीं मान डोलावली. गिअरबॉक्स उघडून कोणीं पाहिला नाहीं, व परवानगीही कोणीं मागितली नाहीं. दुसऱ्याच महिन्यांत पन्हाळ्याच्या चढावर, गाडींत आठ पोतीं खत असतां, दुसरा गिअर आपोआप सुटला. चिरंजीवांनीं तो पुन्हां बसविण्याचा यत्न करतांच आंतील दांत तुटले व गाडी मागें घसरूं लागली. पायब्रेक त्या भारास पुरेना. हातब्रेक ओढला, तर त्याचा ढोल मागील सीलांतून झिरपलेल्या तेलानें भिजलेला! मागचें चाक डोंगराकडील चरींत घातलें म्हणून गाडी थांबली. त्या जागीं दरीची बाजू असती, तर हा लेख लिहिण्याचें बळ आमच्यांत उरलें नसतें. दोष कारागिराचा जितका, त्याहून अधिक आमचा. कारण पंचनामा करणें हें धन्याचें काम होतें.

जीप ही मूळची युद्धांतील गाडी. १९४१ पासून अमेरिकेंत विलीज कंपनीनें ती सैन्यासाठीं बनविली. तिचें चार सिलिंडरांचें एंजिन १३४ घनइंचांचें, म्हणजे सुमारें २.२ लिटरचें, व ६० अश्वशक्तीचें होतें. त्याच्या सर्व झडपा ठोकळ्यांत सिलिंडरच्या बाजूस असत. पुढें १९५३ सालीं निघालेल्या सीजे-३बी या उंच बॉनेटच्या गाडींत त्याच मापाच्या एंजिनाची वायु आंत घेणारी झडप वर हेडमध्यें नेली, व शक्ति ७२ अश्वशक्तीपर्यंत वाढली. हीच गाडी महिंद्र कंपनीनें आपल्या देशांत दीर्घकाळ बनविली. पुढील विवेचन मुख्यतः या दोन एंजिनांविषयीं आहे.

१. उघडण्यापूर्वींची तपासणी

एंजिन गरम करून चारही प्लग काढावेत, थ्रॉटल पूर्ण उघडी ठेवावी, व प्रत्येक सिलिंडरचा दाब कॉम्प्रेशन गेजनें मोजून वहींत टिपावा. सुस्थितींतील एंजिनांत दर चौरस इंचास १०० पौंडांच्या वर दाब मिळतो. परंतु आंकड्यापेक्षां चारही सिलिंडरांतील सारखेपणा अधिक महत्त्वाचा. तफावत दहा टक्क्यांहून अधिक असूं नये. एखाद्यांत दाब कमी भरल्यास त्यांत चमचाभर एंजिन ऑइल घालून पुन्हां मोजावें. दाब वाढला तर रिंगा व बोअर झिजले आहेत. न वाढला तर बहुधा झडपा नीट बसत नाहींत. शेजारशेजारचीं दोन सिलिंडरें एकदमच दाब सोडीत असतील, तर दोहोंमधील जागीं हेड गॅस्केट फुटल्याचा संशय घ्यावा. वाचकांच्या ध्यानीं येईल कीं, दम सोडणें हें बाह्य लक्षण एकच, परंतु रोग तीन. आणि पहिल्यास खर्च मोठा, दुसऱ्यास मध्यम, तिसऱ्यास अल्प.

त्यानंतर ऑइलचा दाब पाहावा. गरम एंजिनाच्या संथ चालीवर १० पौंड व रस्त्याच्या वेगावर ३५ पौंडांच्या आसपास दाब असल्यास चिंता नाहीं. फारच कमी असेल तर बेअरिंगें किंवा ऑइलपंप झिजला असें समजून क्रँक बाहेर काढण्याची तयारी ठेवावी.

२. एंजिनाची दुरुस्ती

आपलें भाग्य असें कीं, शिवाजी उद्यमनगरांत, तसेंच शिरोली व गोकुळ शिरगांव येथील औद्योगिक वसाहतींत, ओतकाम व यंत्रकाम करणारे कारखाने आपल्या दाराशीं आहेत. शेतकऱ्यांच्या विहिरीवरील ऑइल एंजिनांच्या कामानें ही विद्या येथें रुजली, व तिच्या आरंभीच्या पिढींत म्हादबा मेस्त्री यांचें नांव आदरानें घेतलें जातें. परंतु कारागीर कितीही कुशल असला तरी काय करावयाचें हें मापानें ठरावें, अंदाजानें नव्हे.

बोअरचें माप वर, मध्यें व खालीं, उभें व आडवें, असें दोन्ही दिशांनीं घ्यावें. कारागीर ज्यास थाऊ म्हणतात तो इंचाचा हजारावा भाग. वरच्या व खालच्या मापांत दहा थाऊंच्या आसपास फरक पडला असेल तर नुसत्या नव्या रिंगा घालणें म्हणजे फुटक्या पाटांत पाणी सोडणें होय. तेथें बोअर मारून मोठ्या मापाचे पिस्टनच घातले पाहिजेत. बोअर आधींच शेवटच्या मापास गेला असेल तर स्लीव्ह बसवावी. येथें एक गोष्ट विसरूं नये: पिस्टन आधीं विकत आणावेत, ते मोजावेत, व त्या मापास अनुसरून बोअर मारावा. आधीं बोअर व मग पिस्टनचा शोध, या क्रमानें पुष्कळ ठोकळे फुकट गेले आहेत. क्रँक गोलाईंतून गेला असेल तर ग्राइंडिंग करून त्या मापाचीं बेअरिंगें घालावींत. हेडचे नट मध्यापासून बाहेर, तीन फेऱ्यांत, टॉर्क पान्यानें ६० ते ७० फूट-पौंडांपर्यंत आवळावेत, व एंजिन एकदां तापून निवाल्यावर पुन्हां तपासावेत.

३. गिअरबॉक्स

तळाचा प्लग काढून जुनें तेल स्वच्छ थाळींत घ्यावें व त्यांत लोहचुंबक फिरवावा. पिवळसर चकाकणारी भुकटी दिसली तर सिंक्रोचीं पितळी कडीं झिजत आहेत; चुंबकास लोखंडाचे कण चिकटले तर दांत तुटूं लागले आहेत. ही पांच मिनिटांची परीक्षा आम्हीं वेळीं केली असती, तर पन्हाळ्याचा प्रसंग टळला असता.

सीजे-३बीच्या तीन-गिअरी पेटींत पहिल्या गिअरास सिंक्रो नाहीं. म्हणून गाडी पूर्ण थांबल्यावांचून तो टाकूं नये. दुसरा गिअर सुटतो त्याचीं कारणें बहुधा अशीं: सिंक्रो हब झिजणें, फोर्क वांकणें, शाफ्टास मागेंपुढें खेळ येणें, अथवा बेल हाउसिंगचे बोल्ट सैल होणें. दांडा हातानें दाबून धरून गाडी हांकणें हा उपाय नव्हे, तो अपघाताचा वायदा होय.

गिअरबॉक्सच्या मागें ट्रान्स्फर पेटी असते. पहिलींतील तेल घटतें व दुसरींतील वाढतें असें आढळल्यास दोहोंमधील सील गेलें आहे. म्हणून तेलाची पातळी दोन्ही प्लगांपाशीं निरनिराळी पाहावी. हातब्रेकचा ढोल या पेटीच्या मागील तोंडाशींच असल्यामुळें तेथील सील फुटलें कीं ब्रेक निकामी होतो. तें सील थोडक्या पैशांचें, पण त्यावर माणसाचा जीव अवलंबून असतो. तेल ९० नंबरचें, पितळास मानवणाऱ्या जी.एल.-४ प्रतीचें घालावें.

४. सुधारणा कोणती करावी

गुऱ्हाळावरील जुन्या चरकास मोठी मोटर जोडली तर रस वाढत नाहीं, चरकाचे दांत जातात. हें आपण जाणतों. एंजिनाची शक्ति क्लच, गिअर व ॲक्सल या सांखळींतून चाकाशीं पोंचते, आणि सांखळी तिच्या कच्च्या कडीशीं तुटते. पेट्रोलचें हें एंजिन वायु सातपट दाबतें. डीझेलचें त्याहून पुष्कळच अधिक. त्यामुळें प्रत्येक ठोक्याचा हिसका थोर असतो व वजनही वाढतें.

शिवाय वेगाचा हिशेब आहे. सोळा इंची टायर एका फेऱ्यांत सुमारें २.२ मीटर जातो. एंजिन मिनिटास ३,००० फेरे घेत असतां, सीजे-३बीच्या ५.३८ या ॲक्सल प्रमाणानें चाक सुमारें ५५८ फेरे घेतें, म्हणजे ताशीं ७४ किलोमीटर. युद्धकालीन जीपेच्या ४.८८ प्रमाणानें तोच वेग ८१ होतो. डीझेल मंद फेऱ्यांवर चालविणेंच हितावह असल्यामुळें, एंजिन बदललें कीं ॲक्सलचें प्रमाणही बदलावें लागतें, आणि चारही चाकें ओढणाऱ्या गाडीस पुढील व मागील ॲक्सलचें प्रमाण सारखेंच पाहिजे. हा सर्व खर्च धरून मगच इंधनाची बचत मोजावी.

आमच्या मतें राबत्या जीपेस खरी उपयोगी सुधारणा लहानच आहे. पॉइंटांच्या जागीं इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवावें. रेडिएटरची जाळी नवी घालावी. २००० सालापासून देशभर शिशाविरहित पेट्रोल असल्यामुळें, धूर सोडणाऱ्या झडपांच्या बैठका मऊ असतील तर तेथें कठीण कडीं बसवावींत.

चौथी गोष्ट आपल्या उंसाशीं निगडित आहे. आपल्याच उंसाच्या मळीपासून होणारें इथेनॉल आतां पेट्रोलमध्यें २० टक्क्यांपर्यंत मिसळलें जातें. त्याचा भाव आपणांस मिळो, ही इच्छा आहेच. परंतु जुन्या गाडीचे रबरी पाइप, इंधनपंपाचा पडदा व बुचाचीं गॅस्केटें त्यानें खराब होतात, म्हणून तीं इथेनॉल सोसणाऱ्या जातीचींच घालावींत. या इंधनास जळण्यास वायु सुमारें आठ टक्के कमी लागतो, म्हणून जुन्या कार्ब्युरेटरचें मिश्रण विरळ पडून एंजिन तापतें. मुख्य जेट किंचित् मोठा करावा. गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टांकी रिती ठेवावी, कारण इथेनॉल पाणी ओढून घेतें.

५. कागदपत्रें

जमीन विकत घेऊन फेरफार न नोंदविणारा जसा फसतो, तसाच एंजिन बदलून नोंदणीपुस्तक तसेंच ठेवणारा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें नोंदणींतील मूळ तपशिलाशीं विसंगत होईल असा बदल करतां येत नाहीं; सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें याच अर्थाचा निर्णय दिला आहे. म्हणून एंजिन बदलण्याचा विचार असल्यास परिवहन कार्यालयाची लेखी परवानगी काम सुरू करण्यापूर्वीं मागावी, नाकारली गेल्यास तो नाद सोडावा. अपघात झाल्यावर विमा कंपनी प्रथम एंजिनाचा नंबरच पाहते.

दुसरा मार्ग मेबॅकचा आहे. २०२१ च्या जुलैमधील केंद्रीय नियमांप्रमाणें ५० वर्षांहून जुनी व मूळ स्वरूपांतील गाडी व्हिंटेज म्हणून २०,००० रुपये भरून १० वर्षांसाठीं नोंदवितां येते. परंतु चॅसी, सांगाडा किंवा एंजिन बदललेली गाडी त्यांत बसत नाहीं, व अशी नोंदणी झालेली गाडी प्रदर्शन, रॅली अशा ठराविक कारणांखेरीज रोजच्या कामास रस्त्यावर आणतां येत नाहीं. मानही हवा व खतही वाहावयाचें, हें एकाच गाडीनें साधणार नाहीं.

आमची जीप आतां पुन्हां तिच्या मूळ जातीच्या पेट्रोल एंजिनावर चालते. बोअर नवा आहे, गिअरबॉक्स नवा भरला आहे, आणि हातब्रेकचा ढोल दर महिन्यास आम्ही स्वतः हात लावून कोरडा आहे कीं नाहीं तें पाहतों. वाचक बंधूंनीं आपली जुनी गाडी उघडण्यापूर्वीं एक कोरी वही घ्यावी व वर लिहिलेलीं मापें तींत टिपावींत. ती वही भरल्यावर कारागिरास काय सांगावयाचें, हें विचारण्यास कोणाकडे जावें लागणार नाहीं.