मेंदू आणि यंत्र

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. तेव्हापासून कामगारांच्या अनेक पिढ्यांनी येथे यंत्रांच्या सान्निध्यात आयुष्य घालवले. परंतु यंत्र कितीही अजस्र असले, तरी पाळी संपताच कामगार ते मागे ठेवून घरी जातो. आता विज्ञानाने असेही यंत्र घडवले आहे, की जे मागे ठेवता येत नाही. ते मेंदूतच बसवलेले असते.

हात हलवावा असे मनात येताच मेंदूतील पेशींत सूक्ष्म विद्युतसंकेत निर्माण होतात. मज्जारज्जूला गंभीर इजा झाली, तर ते हातापर्यंत पोहोचत नाहीत. इच्छा उरते, हालचाल थांबते. मेंदूत बसवलेली विद्युतअग्रे हे संकेत टिपतात आणि संगणक त्यांचा अर्थ लावतो. २००४ साली अमेरिकेत मॅथ्यू नेगल या हातपाय निकामी झालेल्या तरुणाच्या मेंदूत ९६ विद्युतअग्रांचा संच बसवण्यात आला. केवळ विचाराच्या बळावर त्याने संगणकाच्या पडद्यावरील दर्शक हलवला, ई-मेल उघडले. परावलंबी माणसाला याचे मोल किती, हे सांगायला नको.

तथापि या वरदानाला दुसरी बाजूही आहे. शस्त्रक्रियेत रक्तस्राव वा जंतुसंसर्ग होऊ शकतो. २०२४ साली नोलंड आर्बॉ याच्या मेंदूत बसवलेले काही धागे थोड्याच आठवड्यांत जागेवरून सरकले. संगणकीय प्रणालीत बदल करून काम पुन्हा सावरावे लागले. कारखान्यातील यंत्र बिघडले, तर दुरुस्तीसाठी कारागीर असतात. पण मेंदूतील यंत्र बनवणारी कंपनीच बंद पडली, तर रुग्णाने कोणाकडे जावे?

याहून गहन प्रश्न मनाच्या खाजगीपणाचा आहे. मेंदूतून टिपलेली माहिती कोणाच्या मालकीची? चिली देशाने २०२१ साली संविधानात दुरुस्ती करून मेंदूच्या व्यवहारांना व त्यांतून मिळणाऱ्या माहितीला संरक्षण दिले. भारतात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला आहे. या हक्काची खरी कसोटी अशा यंत्रांपुढे लागेल.

यंत्राला नकार देणे हा यावरचा उपाय नव्हे. मात्र ते कोण दुरुस्त करील, त्यातील माहिती कोण पाहील आणि नको झाल्यास ते काढता येईल का, याची उत्तरे संमती देण्यापूर्वीच मिळाली पाहिजेत.

पाठगत प्रश्न

१. मज्जारज्जूला इजा झाल्यास हालचाल का थांबते?
२. कारखान्यातील यंत्र आणि मेंदूतील यंत्र यांत कोणता फरक सांगितला आहे?
३. संमती देण्यापूर्वी तुम्ही आणखी कोणता प्रश्न विचाराल? सकारण लिहा.