भेंडीचे पिवळे पान : परिसर अभ्यासाचा एक पाठ

झरी व आसपासच्या गावांतील मुलांना भेंडीचे झाड नवे नाही. तेव्हा हा पाठ पुस्तकापासून न आरंभता पानापासून आरंभावा. शाळेच्या वाफ्यातून अगर जवळच्या मळ्यातून दोन पाने आणावीत. एक निरोगी, दुसरे केवडा रोगाचे. रोगट पानाच्या शिरा पिवळ्या होतात व त्यांच्यामधील भाग प्रथम हिरवा राहतो. लोहाच्या उणिवेने पिवळ्या पडलेल्या पानात याच्या उलट, शिराच हिरव्या राहतात. चुनखडीच्या जमिनीत हा दुसरा प्रकारही आढळतो, म्हणून मुलांची गल्लत होऊ देऊ नये.

केवडा हा विषाणूचा रोग असून पांढरी माशी त्याचा प्रसार करते. लागण झालेले झाड बरे करणारे औषध नाही. कोवळ्या वयात लागण झाल्यास फळे थोडी, पिवळट व निबर येतात आणि बाजारात त्यांना कोणी हात लावीत नाही. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा ‘पुसा सावनी’ हा वाण आरंभी या रोगापुढे टिकला. पुढे तोही बळी पडू लागला.

झरीहून थोड्याच कोसांवर, परभणीस, 18 मे 1972 रोजी मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. तेथील संशोधक जांभळे व नेरकर यांनी पुसा सावनीचा संकर भेंडीच्या एका रानटी भाईबंदाशी केला. रोगास दाद न देण्याचा गुण त्या रानटी झाडात होता. परंतु अशा दूरच्या संकरातून बी फार थोडे धरते. म्हणून संततीचा पुसा सावनीशी पुनःपुन्हा संकर करून, प्रत्येक पिढीत निरोगी झाडे तेवढी निवडावी लागली. या खटपटीतून ‘परभणी क्रांती’ हा वाण 1985 मध्ये प्रसारित झाला. इतकी वर्षे चाललेल्या कामाचा खर्च सरकारी तिजोरीतून झाला, म्हणजे काडेपेटी विकत घेणाऱ्याच्या करातूनही. हे मुलांना अवश्य सांगावे. पुष्कळ थोरांनाही ते ठाऊक नसते.

हा सरळ वाण असल्याने शेतकरी घरचे बी राखू शकतो. संकरित वाणाचे बी राखले तर पुढील पीक एकसारखे येत नाही. मात्र मधमाश्या परागांची सरमिसळ करतात. म्हणून बियाण्याची झाडे इतर भेंडीपासून दूर असावीत.

‘मग आता केवडा येत नाही का?’ असे एखादा चुणचुणीत मुलगा विचारील. गुरुजींनी प्रश्न टाळू नये. पुढे अनेक ठिकाणी परभणी क्रांतीवरही केवडा दिसू लागला. विषाणू बदलतो, आणि संशोधकास पुन्हा नवा वाण शोधावा लागतो.

वाफ्यात दोन वाणांच्या ओळी शेजारी लावाव्यात. दर शनिवारी मुलांनी रोगट झाडे मोजून वहीत मांडावीत व मोजणी होताच ती उपटून पुरावीत, म्हणजे माशीमार्फत रोग इतर झाडांवर जाणार नाही.